मागची खिडकी

सेग्ब्वेमाच्या पुढे डांबर संपतं, लाल चिखल लागतो.
तिथली पोरं आम्हाला बघून झाडीत पळतात.
आम्हाला म्हणजे गाडीला. गाडीत मी असतो, इतकंच.

माझं नाव जुसू लाहाई.
चौदा वर्षं ट्रक चालवला याच रस्त्यावर,
पामतेलाचे डबे, कोंबड्या, एकदा चर्चचा पियानो.
तेव्हा नाव कुणी विचारलं नाही,
हॉर्नवरून ओळखायचे.

आता विचारतात. लांबून, हातात दगड घेऊन.
"कोण तू? तोंड दाखव."
तोंड दाखवायला मनाई आहे.
नाव पाठीवर लिहिलंय मार्करने,
फोडेच्या अक्षरात, मला दिसणार नाही असं.

केमा वांडी पुढे आली. बाजारात मीठ विकते.
तिच्या लाप्पाच्या टोकाला सात गाठी.
"सात नेलेस.
एकाची तरी कबर दाखव."

मी दारापर्यंत नेतो, मावशी.
दारापलीकडचं दुसऱ्यांकडे.

"डब्यात काय फवारता?"
क्लोरिन.
"माशा मरतात?"
मरतात.
"मग?"

तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं आमचं.
हातमोजे कसे उतरवायचे, यावर एक अख्खी सकाळ.
लोकांशी कसं बोलायचं, ते जेवणानंतर अर्धा तास,
आणि त्यातच वीज गेली.
या 'मग'पर्यंत आम्ही पोचलोच नव्हतो.

पोरगी चटईवर पडलेली. जेबे, पंधरा वर्षांची.
डोळे लाल, ओठ फुटलेले.
केमा तिच्यापासून तीन हात दूर उभी, आम्हीच सांगितलं होतं तसं.
तिथूनच म्हणाली,
"आधी तू बस मागे."

फोडे म्हणाला, नियमात नाही.
मी म्हणालो, नियमात तर ह्या बाईचं नावही नाही.
मागचा भाग सकाळी धुतलेला, कोरडा.
मी चढलो. त्याने रोजच्यासारखं फवारलं
आणि दार लावलं.

चौदा आणि दोन, सोळा वर्षं गाडी चालवतोय.
मागे कधी बसलो नव्हतो.
खिडकी रंगाच्या थराखाली बंद झालेली.
पत्रा तापलेला. वास आधी डोळ्यांत, मग घशात,
मग वास राहिलाच नाही, फक्त श्वास संपत गेला.
हात कडी शोधायला गेला.
आतून कडी नव्हती.

चाळिसापर्यंत मोजलं असेल.
मग पत्र्यावर मूठ आपटली, तीनदा,

आणि तो आवाज माझ्या ओळखीचा निघाला.
किती वेळा ऐकलाय पाठीमागून
डारूच्या उतारावर, मोआ नदीच्या पुलावर.
मी म्हणायचो, खड्डे आहेत,
स्ट्रेचरचा स्क्रू ढिला असेल.
आणि रेडिओ जरा मोठा करायचो.

दार उघडलं. कुणी हसलं नाही.
मी गवतात ओकलो.
केमाने फक्त बोट दाखवलं: खिडकी.

कुणाचा तरी कोयता आला, सायकलची तार आली.
पाऊण तास रंग खरवडला.
फोडे सारखा घड्याळ बघत होता,
मग त्यानेही पाना घेतला.
काच चार बोटं सरकली, पुढे अडली.
दारं उघडी ठेवून वास जाऊ दिला.
मग जेबेला उचललं.

सदतीस मैल. आरशात केमा,
भाड्याच्या मोटारसायकलवर, एका पोराच्या मागे बसलेली.
आमची सगळी धूळ तोंडावर घेत,
पण त्या चार बोटांवरून नजर न काढता.
मी प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत होतो. रेडिओ बंद.

नाक्यावर शिपाई सहा पावलं मागे सरला,
तिथून ओरडला, "मागे किती?"
रोज मी बोटाने दाखवतो.

जेबे, म्हणालो. जेबे वांडी.
त्याने वहीत एक लिहिलं
आणि दोर खाली सोडला.

केमाला त्याने अडवलं.
आरशात ती लहान होत गेली,
लाप्पाचं टोक मुठीत,
अजून न बांधलेलं.